गिटार, किकरी आणि आदिलाबाद

हैदराबाद–नागपूर हा रस्ता आपल्या मंडळातल्या निम्म्या घरांना पाठ आहे. लग्नं, मुंजी, दिवाळी, आजीचं आजारपण, सगळ्याला हाच रस्ता. आणि तरीही आदिलाबाद जिल्हा आपण बहुतेकांनी झोपेतच ओलांडलेला असतो. रात्री बस सुटते, निर्मलच्या आसपास डोळा लागतो आणि जाग येते ती पैनगंगेच्या पुलावर, नाहीतर थेट पांढरकवड्याला चहासाठी. मधला शंभरेक किलोमीटरचा टप्पा म्हणजे खिडकीबाहेरचा काळोख. ज्यांनी तो दिवसा पाहिलेला नाही त्यांनी एकदा तरी पाहावा, आणि शक्यतो दिवाळीच्या दिवसांत पाहावा. का, ते सांगते.

गेल्या दिवाळीत मी, माझी भाची आणि तिची गिटार अशा तिघी जणी आदिलाबादला गेलो. भाची हैदराबादेत वाढलेली. मराठी घरात, तेलुगू मैत्रिणींशी आणि इंग्रजी अभ्यासापुरती अशी तिची वाटणी आहे. बारावीपासून ती एका बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवते. तो आवाज आमच्या शेजाऱ्यांनाही पाठ आहे. गेल्या वर्षीपासून मात्र तिला निराळंच वेड लागलंय. तिला ऑर्केस्ट्रासाठी लिहायचंय. ऑर्केस्ट्रा म्हणजे आपल्या गणेशोत्सवातला नव्हे, व्हायोलिन, चेलो, ओबो वगैरेंचा, समोर काठी घेतलेला माणूस उभा असतो तो. एका कार्यशाळेसाठी तिला सहा मिनिटांची रचना द्यायची होती आणि दोन महिन्यांत तिच्या कागदावर दीड मिनिट उतरलं होतं. माझ्या बहिणीचं म्हणणं, आधी डिग्री पुरी कर, मग काय ते लिही. भाचीचं म्हणणं, "मावशी, मला ढोल ऐकायचेत. यूट्यूबवरचे नाही, खरे." त्यामुळे ही सहल ठरली.

रॉक वाजवणाऱ्या मुलीला हे मध्येच काय सुचलं, असं मलाही वाटलं होतं. तिने मला समजावलं तेव्हा कळलं की ही वाट जुनी आहे. डीप पर्पल या बँडच्या जॉन लॉर्डने १९६९ साली बँड आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठी एक कन्चेर्टो लिहिला आणि लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये तो वाजला. फ्रँक झापा तर पोरवयापासून एडगार वारेझ या आधुनिक संगीतकाराचा भक्त. पुढे त्याच्या रचना पिएर बुलेझसारख्या कडक माणसाने १९८४ साली ध्वनिमुद्रित केल्या. पण भाचीचा खरा देव जॉनी ग्रीनवुड. रेडिओहेड बँडचा गिटारवादक. शाळेत असताना तो व्हायोला वाजवायचा. २००४ साली बीबीसी कॉन्सर्ट ऑर्केस्ट्राने त्याला आपला निवासी संगीतकार केलं आणि २००५ साली त्याने ३४ तंतुवाद्यांसाठी 'पॉपकॉर्न सुपरहेट रिसीव्हर' नावाची रचना लिहिली. नाव रेडिओवरून आलंय. जुन्या रेडिओवर स्टेशन लावताना दोन स्टेशनांच्या मधे जी खरखर, शीळ, हुंकार ऐकू येतो, तसा आवाज त्याला व्हायोलिनांतून काढायचा होता. भाचीने गाडीत ती मला ऐकवली. पहिली दोन मिनिटं मला वाटलं स्पीकर बिघडलाय. तिसऱ्या मिनिटाला मी गप्प बसले.

खरं तर अशी माणसं शोधायला विलायतेला जायची गरज नाही. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस घ्या. मुंबईच्या चित्रपटसंगीतात व्हायोलिन वाजवून पोट भरणारा, प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांना व्हायोलिन शिकवलेला हा माणूस. १९५८ साली त्याने स्वतःचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, आपले राग घेऊन त्याच्यासाठी रचना केल्या आणि गायला बसवलं ते लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना. पुढे तो अमेरिकेला शिकायला गेला. आज लोकांना त्याचं फक्त नाव ठाऊक आहे, तेही अमिताभच्या गाण्यातलं. प्यारेलालनी गुरूचं नाव त्या गाण्यात अजरामर केलं खरं, पण गुरूच्या रचना किती जणांनी ऐकल्या? हे मला नेहमी खुपतं.

आणि आपल्या या रस्त्यावर तर इळयराजांना चुकवणं शक्यच नाही. निर्मलच्या अलीकडे आम्ही इडली खायला थांबलो तिथेही त्यांचंच जुनं तेलुगू गाणं चालू होतं. भावाच्या गायनमंडळीत हार्मोनियम घेऊन तमिळ खेड्यापाड्यांतून फिरलेला हा माणूस मद्रासला धनराज मास्तरांकडे पाश्चात्त्य संगीत शिकला, गिटारची परीक्षा पास झाला, शेकडो चित्रपट केले आणि ८ मार्च २०२५ रोजी, वयाची ऐंशी उलटल्यावर, लंडनमध्ये रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राकडून स्वतःची सिम्फनी वाजवून घेतली. त्यांनाच गुरुस्थानी मानणारे आपले अजय-अतुल. शास्त्रशुद्ध शिक्षण नाही, पण २००१ च्या 'विश्वविनायक'पासून कानात सतत सिम्फनी. २०१६ च्या 'सैराट'साठी त्यांनी हॉलिवूडच्या सोनी स्टुडिओत ऑर्केस्ट्रा ध्वनिमुद्रित केला. करमाळ्याच्या शेतातलं प्रेम आणि त्यामागे लॉस एंजेलिसचे व्हायोलिनवाले. 'झिंगाट'वर आपण सगळेच नाचलो, पण त्याच चित्रपटात संथ गाण्यांमागे तंतुवाद्यांची जी लाट येते ती एकदा हेडफोन लावून, नाचायचं सोडून ऐका.

एवढी चर्चा होईपर्यंत सोनच्या पुलावर गोदावरी ओलांडून, निर्मलचं लाकडी खेळण्यांचं गाव मागे टाकून आम्ही घाट चढत होतो. घाट संपला की हवा बदलते. आदिलाबाद हा तेलंगणातला सगळ्यात थंड भाग, ऑक्टोबरातच ओढणी गुंडाळावी लागते. दोन्ही बाजूला साग, मधे काळ्या मातीची वावरं, वावरांत फुटलेला कापूस आणि रस्त्याकडेला टोपल्या टोपल्या सीताफळं. कापसाने भरलेले ट्रॅक्टर डुलत डुलत आदिलाबादच्या मार्केट यार्डाकडे निघालेले. नेरडिगोंड्यापाशी कुंटालाच्या धबधब्याचा फाटा लागतो. पावसाळ्यानंतर पाणी चांगलं असतं, पण पायऱ्या खूप आहेत, गुडघेवाल्यांनी वरूनच नमस्कार करावा.

आदिलाबाद शहरात पाऊल ठेवल्यावर भाचीला पहिला धक्का बसला तो मराठीचा. रिक्षावाला, कापडवाला, बसस्टँडवरची सीताफळवाली, सगळे मराठी बोलतात. मराठी म्हणजे वऱ्हाडी वळणाची, मधूनच तेलुगूत शिरणारी आणि उर्दूत बाहेर पडणारी. मुंबईहून नांदेड-किनवटमार्गे येणारी नंदीग्राम एक्स्प्रेस इथे थांबते. पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्हा. नदीच्या अलीकडे जैनद, बेला या बाजूला तर घरोघरी मराठीच. पूर्वेला केरामेरीच्या डोंगरात अशीही काही गावं आहेत ज्यांच्यावर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही हक्क सांगतात आणि तिथल्या माणसांकडे दोन्हीकडची रेशनकार्डं आहेत. आपण हैदराबादला बसून 'आपली मुलं मराठी विसरतील' म्हणून काळजी करतो. इथे पिढ्यान् पिढ्या कोणी काळजी केली नाही आणि मराठी राहिली. का राहिली, ह्यावर एकदा मंडळात बसून बोलायला हवं.

पण आम्ही आलो होतो ढोलांसाठी. गुडीहतनूरवरून उटनूरचा रस्ता धरला की राज गोंडांचा मुलूख सुरू होतो. २०१६ साली जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले, त्यामुळे ह्या मुलखातली गावं आता आदिलाबाद आणि कुमुरम भीम आसिफाबाद अशा दोन जिल्ह्यांत विभागली गेली आहेत. दांडारीला त्याचं सोयरसुतक नाही. वाटेत इंद्रवेल्ली लागतं. २० एप्रिल १९८१ रोजी इथे जमिनीच्या हक्कांसाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांचा गोळीबार झाला होता. त्याची आठवण म्हणून उभारलेला स्तंभ आहे. आम्ही दोन मिनिटं उतरलो. इंद्रवेल्ली मंडळातच केसलापूर आहे, मेश्राम कुळाच्या नागोबाचं ठिकाण. पौष अमावास्येला इथे जत्रा भरते, त्याआधी मेश्राम मंडळी पायी जाऊन गोदावरीचं पाणी आणतात. २०२२ साली त्यांनी घराघरातून वर्गणी काढून नागोबाचं नवं दगडी मंदिर बांधलं. देऊळ सुरेख आहे, जरूर बघा.

दांडारी म्हणजे काय, हे थोडक्यात सांगते. दिवाळीच्या दिवसांत एका गावाचा ताफा दुसऱ्या गावाला पाहुणा जातो. ताफ्यात नाचणारे, वाजवणारे आणि गुसाडी. गुसाडीच्या डोक्यावर मोरपिसांचा भला थोरला टोप, अंगाला राख, गळ्यात माळा, खांद्यावर कातडं, हातात काठी. तो व्रतस्थ असतो, तेवढे दिवस अंघोळही करत नाही. ताफ्याची सुरुवात वाद्यांच्या पूजेने होते. पाहुण्या गावाचं स्वागत, रात्रभर नाच, सकाळी खेळ, जेवण आणि मग निरोप. सोयरिकीही ह्यातूनच जमतात, म्हणजे सगळं कुटुंबवत्सल प्रकरण आहे.

एका ओळखीच्या शिक्षकांच्या मदतीने आम्ही उटनूरजवळच्या एका छोट्या गावात रात्री हजर होतो. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. तिथे उद्या गाड्या भरभरून माणसं जावीत असं मला वाटत नाही.

पहिला ढोल वाजला आणि भाचीने फोन खाली ठेवला. रेकॉर्डिंग करायला आलेली मुलगी पहिला अर्धा तास नुसती उभी. वर्तुळात नाचणारे, मधे आणि कडेला ढोल, तुडुम, सनईसारखी तीक्ष्ण वाजणारी पेपरी. लय एकाएकी बदलायची. कोणी खूण करताना दिसायचं नाही, पण सगळे एकदम वळायचे. भाची माझ्या कानाशी ओरडली, "कंडक्टर कोण आहे गं?" शिक्षक हसले आणि गुसाडीकडे बोट दाखवलं. पण तासाभराने तिलाच कळलं की तेही पुरतं खरं नव्हतं. कधी गुसाडी ढोलाला ओढून नेत होता, कधी ढोल गुसाडीला.

परत येताना तिने मला जे सांगितलं त्याने माझं कुतूहल चाळवलं. ऑर्केस्ट्रातला टिम्पनी हा मोठा तांब्याचा नगारा मुळात युरोपचा नाहीच. तो पश्चिम आशियातल्या नगाऱ्यांवरून तिकडे गेला. म्हणजे तुडुम आणि टिम्पनी लांबचे चुलतभाऊ. ओबोच्या तोंडाशी दोन पात्यांची जीभ असते, सनईलाही दोन पात्यांचीच. म्हणजे पेपरी आणि ओबो एकाच कुळातल्या. लंडनच्या सभागृहात काळे कोट घालून बसणाऱ्या वाद्यांचे अर्धे नातेवाईक त्या अंगणात राख फासून उभे होते. हे ऐकून मी रात्री उशिरापर्यंत जागी होते. थंडीमुळेही असेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही मार्लवाईला गेलो. जैनूर मंडळातलं हे साधंसं गोंड गाव, पण त्याच्या अंगणात मोठी माणसं राहून गेली. १९४० मध्ये कुमरम भीम जोडेघाटला मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने गोंडांचं म्हणणं समजून घ्यायला क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला पाठवलं. तो आणि त्याची बायको बेटी इथेच झोपडी बांधून राहिले, गोंडी शिकले, शाळा सुरू केली. १९४८ साली त्याचा राज गोंडांवरचा ग्रंथ निघाला. बेटी १९८७ साली गेली आणि हायमेनडॉर्फ १९९५ साली. दोघांची स्मारकं ह्या गावात शेजारी शेजारी आहेत. गाव अजून त्यांची पुण्यतिथी करतं. ह्याच गावचे कनक राजू, गुसाडी नाच पुढच्या पोरांना शिकवला म्हणून २०२१ साली पद्मश्री मिळालेले. २०२४ च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर ते वारले.

हायमेनडॉर्फने नोंदवून ठेवलेली एक गोष्ट मराठी माणसाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. राज गोंडांच्या कुळकथा गाणारे, त्यांचे परंपरागत भाट म्हणजे प्रधान. आदिलाबादच्या प्रधानांची घरची भाषा मराठी आणि गायची भाषा गोंडी. म्हणजे गोंडांच्या देवांचा आणि पूर्वजांचा सगळा इतिहास मराठी बोलणाऱ्या घरांनी तोंडपाठ सांभाळला. हे वाक्य मी भाचीला दोनदा वाचून दाखवलं. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

प्रधानांचं वाद्य किकरी. मांडीवर मावेल एवढी, लाकूड आणि कातडं, आणि गजाने वाजवायची. शिक्षकांनी आमची गाठ एका वयस्कर प्रधान आजोबांशी घालून दिली. ते आपल्या एका गोंड यजमानांच्या पडवीत बसले होते. ज्वारीची भाकरी खाऊन झाली, चहा झाला. भाचीने नम्रपणे विचारलं, "आजोबा, काही वाजवून दाखवाल का?"

आजोबांनी विचारलं, "कोनाच्या घरचं वाजवू?"

"कोणतंही चालेल."

"कोनतंबी कसं वाजवू पोरी? तुमचं घर किती देवांचं?"

आता ह्याचं उत्तर आम्ही काय देणार! शिक्षकांनी समजावलं. गोंडांमध्ये चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे, सात देवांचे असे गट असतात, लग्नंही त्यावर ठरतात. प्रधान ज्या यजमानांचा, त्यांच्या गटाची कथा तो गातो. कथा कोणाच्या तरी घरची असते, रस्त्यात पडलेली नसते. शेवटी यजमान म्हणाले, माझ्या ओसरीत बसलात तर माझंच गा. ते सात देवांचे. तेव्हा कुठे आजोबांनी किकरी उचलली.

आधी सूर जुळवणं. भाचीने गिटार बाहेर काढली, फोनवरच्या ट्यूनरवर 'ए' बरोबर ४४० ला लावून तयार. जगभरचे ऑर्केस्ट्रा ओबोच्या 'ए'ला जुळतात, साधारण ह्याच आकड्याच्या आसपास. आजोबांनी किकरी जुळवली स्वतःच्या गळ्याला, आणि तोही त्या दिवशीचा गळा, कारण रात्रभर दांडारीत जागून तो बसला होता. ती पट्टी भाचीच्या कुठल्याच आकड्यात बसेना. दोन स्वरांच्या मधे कुठेतरी. तिने गिटारच्या सहाही तारा उतरवल्या आणि कानाने आजोबांना जुळवून घेतल्या. ट्यूनर बंद करून पिशवीत टाकला.

गजाला राळ लावताना आजोबांनी काळपट खडा काढला. भाचीच्या एका व्हायोलिनवाल्या मैत्रिणीने दिलेली विलायती राळेची गोल वडी तिच्या गिटारच्या पेटीत होती. तिने ती पुढे केली. आजोबांनी वास घेतला, गजाला घासली, दोनदा ओढून पाहिलं. आवाज चिरका झाला. "लय बोलते थे," म्हणाले, फडक्याने गज पुसला आणि आपलाच खडा परत लावला. वडी मात्र ठेवून घेतली.

मग ते गायले. किती वेळ, मी घड्याळ पाहिलं नाही. सांगण्यासारखी गोष्ट अशी की गळा आणि किकरी एकच चाल चालत होते, पण एकमेकांच्या पावलात पाऊल टाकून नाही. गळा सरळ जायचा तिथे किकरी वळसा घ्यायची. गळा थांबायचा, किकरी थोडी पुढे जाऊन वाट बघायची. भाची पाच रेघांच्या कागदावर उतरवायला बसली होती. तिने चार ओळी लिहिल्या, खोडल्या, परत लिहिल्या. गळ्याचे स्वर लिहिता येत होते, किकरीचेही एकवेळ येत होते. दोघांमधलं ते अंतर कुठे लिहायचं, तेच कळेना.

संध्याकाळी ती एकदम म्हणाली, "मावशी, ग्रीनवुडने हेच केलंय!" ३४ व्हायोलिन-व्हायोला-चेलोवाल्यांना एकसारखं न वाजवता प्रत्येकाला किंचित वेगळी वाट दिली की दाट, हलता आवाज तयार होतो. तिला इतके दिवस ते तंत्र वाटत होतं, पोलंडच्या पेंडेरेत्स्कीकडून आलेलं. ग्रीनवुडने पेंडेरेत्स्कीबरोबर २०१२ साली एक आख्खी तबकडीच काढली आहे, त्यामुळे तिचं वाटणं चूक नव्हतं. पण एक माणूस स्वतःच्या गळ्याशी आणि हाताशी तेच करतो हे तिने डोळ्यांनी आज पाहिलं.

इथे खरा पेच उभा राहिला. तिच्या मनातला बेत असा होता: ढोल आणि किकरी रेकॉर्ड करायची, संगणकावर तुकडे करून ऑर्केस्ट्राच्या मागे वापरायची. तिच्या भाषेत 'टेक्स्चर'. हा शब्द मला आवडत नाही. कोणाच्या सात देवांची कथा ही आपल्या साडीचं अस्तर कशी होईल? पण मी गप्प राहिले, कारण उलट बाजूही आहे. आजोबांचा मुलगा उटनूरला ऑटो चालवतो, नातू कीबोर्डवर तेलुगू गाणी वाजवतो. गाण्यासाठी बोलावणारे यजमान कमी झाले, देणं कमी झालं. कोणी रेकॉर्ड केलंच नाही तर उरणार काय? गुंजाला गावची गोष्ट ह्याच भागातली. नारनूर मंडळातल्या त्या खेड्यात गोंडी लिपीतली जुनी हस्तलिखितं सापडली, लोकांनी ती पुन्हा शिकायला घेतली आणि २०१८ साली गुंजाला गोंडी लिपीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. आता ती फोनवर टाइप होऊ शकते. लिहून ठेवलं होतं म्हणून वाचलं.

ग्रीनवुड स्वतः २०१५ साली जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात राजस्थानी कलाकारांबरोबर वाजवायला बसला, 'जुनून' नावाची तबकडी निघाली, पॉल थॉमस अँडरसनने त्यावर चित्रपट केला. त्यात मांगणियारही आहेत, तेही प्रधानांसारखेच यजमानांच्या वंशावळी गाणारे. भाचीने तो चित्रपट मला हॉटेलच्या खोलीत फोनवर दाखवला. ग्रीनवुड त्यात कोपऱ्यात मांडी घालून बसलेला आहे, केस तोंडावर, मान खाली. पुढे बसलेत ते मांगणियार, आणि ते मागची साथ म्हणून वाजत नाहीत. भाचीने तो भाग मागे नेऊन तीनदा पाहिला.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच शिक्षकांबरोबर आजोबांकडे गेली. विचारलं, रेकॉर्डिंग मी माझ्या रचनेत घातलं तर चालेल का? आजोबांनी परत प्रश्नच विचारला. कुठे वाजणार? समोर कोण बसणार? त्यांना कोण सांगणार की हे कोणाचं आहे? तिने प्रामाणिकपणे सांगितलं, सभागृहात पन्नाससाठ माणसं असतील आणि कोणी काही सांगणार नाही, छापील कागदावर एक ओळ असेल. यजमानही बसले होते. दोघांचं गोंडीत थोडं बोलणं झालं. मग आजोबा म्हणाले, ऐकायला ठेव, शिकायला ठेव, पण तुकडे नको करू. कथा मधून उचलत नाहीत.

तिने आदल्या दुपारची बिदागी रीतीप्रमाणे दिली, धोतरजोडी आणि पैसे, आणि पूर्ण रेकॉर्डिंग आधी त्यांच्या नातवाच्या फोनवर घातलं. नातवाने तिथल्या तिथे हेडफोन लावून ऐकायला सुरुवात केली. आजोबा त्याच्याकडे बघत होते, बोलले काही नाहीत.

परतीच्या वाटेवर गाडीत गाणी नव्हती. निर्मलचा घाट उतरताना भाचीने तिची दीड मिनिटांची जुनी पानं फाडली. मी हळहळले, ती नाही. नव्या रचनेत ढोल नाहीत, किकरी नाही, कोणाची कथा नाही. सोळा तंतुवाद्यं आणि तिची स्वतःची गिटार, इलेक्ट्रिक. गिटार एक साधी चाल वाजवते आणि सोळा जण तीच चाल आपापल्या वाटेने, कोणी अर्धं पाऊल पुढे, कोणी मागे. सुरुवातीला 'ए' जुळवायचा नाही, गिटार ज्या पट्टीत असेल तिला सगळ्यांनी कानाने जुळवून घ्यायचं, असं तिने वर लिहिलंय. कार्यशाळेच्या मास्तरांना हे पसंत पडलेलं नाही. व्हायोलिनवाल्या मुली तक्रार करतात की ट्यूनरशिवाय जुळवायला दहा मिनिटं जातात. ती म्हणते, जाऊ देत.

रचना अजून चार मिनिटांवर अडली आहे. कार्यशाळेची तारीख पुढे ढकलली म्हणून निभावलं. पौष अमावास्येला केसलापूरला जायचं तिने ठरवलंय, शिक्षकांना फोनही करून झाला. आजोबांनी निरोप पाठवलाय की ती राळेची वडी पावसाळी हवेत बरी चालते, अजून एक मिळाली तर आण. आपल्यापैकी कोणाच्या घरात व्हायोलिन शिकणारं मूल असेल तर कळवा, दुकानाचा पत्ता हवाय.